ताग्यावरची छाप

कापडाच्या ताग्यावर डकवलेले रंगीत लेबल, ज्याला व्यापारी छाप किंवा टिकट म्हणत, हा जाहिरातीचाच कागद होता. अमेरिकेत १८८०च्या सुमारास दुकानदार जी सचित्र जाहिरातपत्रे फुकट वाटत आणि घरोघरी वह्यांत चिकटवली जात, त्यांच्याच काळातला. मँचेस्टरचे कापड मुंबई बंदरात उतरे, आणि अक्षरओळख नसलेल्या गिऱ्हाइकालाही आपला माल ओळखता यावा म्हणून त्यावर लक्ष्मी, बाळकृष्ण, हत्ती किंवा मोर छापलेला असे. ब्रिटनमध्ये १८७५च्या कायद्याने अशा चिन्हांची नोंदणी सुरू झाल्यावर हे चित्र व्यापाऱ्याची कायदेशीर मालमत्ताही ठरले. छपाई शिळाप्रेसवर, म्हणजे गुळगुळीत चुनखडी दगडावर तेलकट शाईने चित्र रेखून होत असे, आणि प्रत्येक रंगाला स्वतंत्र दगड लागे. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला आणि पुढे मळवलीला हललेला रविवर्मा छापखाना याच पद्धतीचा. म्हणून भिंगाखाली या लेबलांत हाताने टिपलेले ओबडधोबड ठिपके दिसतात. एकसारख्या ओळीतले ठिपके आढळले तर ती नंतरची छपाई किंवा नक्कल असण्याची शक्यता धरावी.

ही लेबले शोधायची तर मराठवाड्यातले रेणापूर घ्या, हे रेणुकादेवीचे गाव. अशा गावात देवाचे चित्र असलेला कागद टाकून द्यायला हात धजावत नाही, आणि संग्राहकाचा शोध नेमका या संकोचावर उभा असतो: लोखंडी ट्रंकेच्या झाकणाची आतली बाजू, देवघरातली काचेची तसबीर, जुन्या दुकानाच्या वह्यांचे पुठ्ठे. हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्यामुळे, देवनागरीबरोबर उर्दू ओळ असलेले लेबल इथे परके वाटत नाही.

संग्राहक बहुधा कोरे, चकचकीत लेबल शोधतात, कारण बाजारात त्यालाच भाव येतो. ही निवड चुकीची आहे. कधीच न डकवलेले लेबल छापखान्याची कारागिरी सांगते, पण ज्याच्या पाठीवर खळीचा थर आणि मांजरपाटाचे धागे राहिले आहेत, ज्याच्या लक्ष्मीच्या कपाळी कुणीतरी बोटाने हळदकुंकू लावले आहे, ते लेबल विक्रीच्या कागदाचा देव कसा झाला हे सांगते, आणि ज्या जिव्हाळ्यापोटी माणसे हे कागद जमवतात तो त्या डागातच असतो. डाग पुसून लेबल स्वच्छ करणाऱ्याच्या हाती शेवटी नुसती जाहिरात उरते.

त्यामुळे ट्रंकेवरून लेबल ओढून काढू नये. ओलसर टिपकागद ठेवून खळ मऊ होऊ द्यावी, आणि त्याआधी एका कोपऱ्यात रंग पाण्याने सुटतो का ते पाहावे. कसर खळीवर येते, म्हणून साठवणीची जागा कोरडी हवी. उन्हात रंग उडतात, म्हणून अंधारीही हवी. लेबल कोणत्या घरात, कोणत्या वस्तूवर सापडले, ते कुणी आणि का जपले, याची नोंद वेगळ्या कागदावर त्याच दिवशी करावी, कारण ते सांगू शकणारी आजी बहुधा त्या घरातली शेवटचीच असते.