कंपायलरवर किती विश्वास ठेवायचा?

रिसर्च प्रपोजलमध्ये 'आमची सिस्टीम सुरक्षित आहे' असं लिहिलंत की पहिला प्रश्न हमखास येतो: कोणापासून? दुसरा जास्त त्रास देतो: हे म्हणताना तुम्ही कशाकशावर आधीच विश्वास ठेवलाय?

या दुसऱ्या प्रश्नासाठी केन थॉम्प्सनचं १९८४ साली छापलेलं ट्युरिंग पुरस्काराचं भाषण वाचाच. तीनच पानं आहेत.

समजा, लॉगिन प्रोग्रामचा सोर्स कोड तुम्ही ओळ न् ओळ तपासलात, काही सापडलं नाही. पण तो कंपाइल करणारा कंपायलरच बिघडवलेला असेल तर? लॉगिनचा कोड दिसला की तो गुपचूप एक चोरदरवाजा घालून ठेवतो. 'मग कंपायलरचा सोर्स तपासू,' तुम्ही म्हणाल. इथेच खरी गंमत आहे. 'सी'चा कंपायलर 'सी'मध्येच लिहिलेला असेल, तर नवा बनवायला जुनाच लागतो. बिघडवलेला कंपायलर स्वतःचा सोर्सही ओळखतो आणि नव्या बायनरीत दोन्ही खोड्या पुन्हा घालतो. एकदा हे जमलं की सोर्समधून त्या ओळी पुसून टाकायच्या. दह्यासारखंच आहे हे. विरजण बिघडलेलं असेल तर दूध कितीही चांगलं घ्या.

डेव्हिड व्हीलर यांनी २००९च्या आपल्या पीएचडी प्रबंधात यावर एक तपासणी सविस्तर मांडली. वेगळ्या लोकांनी लिहिलेला दुसरा कंपायलर घ्या, त्याने संशयित कंपायलरचा सोर्स कंपाइल करा. जी बायनरी मिळेल ती मूळ बायनरीशी जुळणार नाही, कारण दोन कंपायलर मशीन कोड वेगवेगळा बनवतात. म्हणून या नव्या बायनरीने तोच सोर्स पुन्हा कंपाइल करा. आता मात्र बिट न् बिट जुळायला हवं. जुळलं, तर बायनरी सोर्सप्रमाणेच आहे. दुसरा कंपायलर अगदी सोवळा असायची गरज नाही, त्यात नेमकी तीच खोडी नसली की पुरे. अट एक: कंपायलरने त्याच सोर्सला दर वेळी तंतोतंत तेच आउटपुट द्यायला हवं. आणि सोर्समध्येच घोळ असेल तर ही पद्धत काही सांगत नाही, बरं का.

हे सगळं पुस्तकी वाटतंय? मार्च २०२४मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीत चोरदरवाजा सापडला. तो चालू करणारी स्क्रिप्ट गिट रिपॉझिटरीत नव्हतीच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये होती. म्हणजे रिपॉझिटरी वाचणाऱ्याला ती दिसलीच नसती. घालणारी व्यक्ती दोन वर्षांहून जास्त काळ प्रकल्पात काम करत होती आणि त्या दरम्यान मेंटेनरही झाली होती. सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएच लॉगिन साधारण अर्धा सेकंद उशिरा होतंय असं जाणवलं, आणि त्याने ते सोडून दिलं नाही. कुठल्या ऑडिटमध्ये नाही!

हार्डवेअरची गोष्ट आणखी अवघड. जानेवारी २०१८मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर जाहीर झाले, तेव्हा प्रोग्राममध्ये चूक नसतानाही प्रोसेसरच्या अंदाजाने पुढचं काम उरकायच्या सवयीमुळे गुपित फुटू शकतं हे दिसलं. इथे व्हीलरसारखी तुलना करायला चिपची बायनरी आपल्या हातात नसते.

म्हणून प्रपोजलमध्ये 'गृहीतकं' हा भाग आधी लिहा. प्रोसेसर, फर्मवेअर, कंपायलर, लायब्ररी यांतलं काय न तपासता मानलंय आणि ते खोटं निघालं तर तुमचा कुठला निष्कर्ष पडतो, हे प्रत्येकापुढे एका ओळीत. माझ्या पहिल्या मसुद्यात हा भागच नव्हता, तो तसाच परत आला.