डीआरसीने होकार दिला, तरी थांबा

मागच्या भागात आपण किकॅडमध्ये सर्किट काढलं, आज बोर्ड. किकॅड फुकट आहे. १९९२ मध्ये ज्याँ-पिएर शारास यांनी ते सुरू केलं, पुढे सर्नने हातभार लावला.

इंदूरहून एका दर्शकाने विचारलंय, ‘सर, डीआरसीत शून्य चुका दिसतायत. बोर्ड बनवायला टाकू?’

पैसे भरण्याआधी थोडं थांबा. डीआरसी मोजमापं तपासतं: दोन ट्रॅक फार जवळ आलेत का, एखादी जोडणी राहिली का. गेलेला करंट परत कुठून येतो, हे ते विचारत नाही. फौजेत गस्त पाठवताना परतीची वाटही ठरवावी लागते. इथेही तसंच.

दोन थरांचा बोर्ड घ्या. वर सिग्नलचे ट्रॅक, खाली ग्राउंडचं तांबं. डीसी करंट परतताना त्या तांब्यावर पसरतो. वेगाने बदलणारा सिग्नल मात्र बरोबर आपल्या ट्रॅकच्या खालून परततो, कारण तिथे इंडक्टन्स सर्वांत कमी. आता तुम्ही जागा मिळेना म्हणून एक लांब ट्रॅक खालच्या थरातून नेलात, की ग्राउंडला चीर पडते. वरचा सिग्नल ती ओलांडतो. परतीच्या करंटाला वळसा पडतो. हा मोठा वेढा म्हणजे चक्क अँटेना! टेबलावर बोर्ड छान चालतो, शेजारी मोटर सुरू झाली की मायक्रोकंट्रोलर रीसेट होतो. ‘माझा क्लॉक तर मंद आहे’, असं म्हणू नका. सिग्नल किती झटकन चढतो-उतरतो, यावर हे ठरतं.

तेव्हा ‘बी’ दाबून तांबं भरून घ्या, फक्त खालचा थर दिसू द्या आणि लांब चिरा शोधा. ट्रॅक खाली न्यावाच लागला, तर काही मिलिमीटरच न्या आणि व्हायातून लगेच वर आणा.

तसंच १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. तो आयसीपासून पाच सेंटिमीटरवर बसवलात तरी डीआरसी गप्प राहील. त्याला पॉवर पिनच्या अगदी शेजारी ठेवा, ग्राउंडचं व्हायाही तिथेच.

शेवटी बोर्डाची कागदावर खऱ्या मापाची प्रिंट काढा, तिच्यावर हातातले कनेक्टर ठेवून बघा. पिना जुळल्या, की मग खुशाल ऑर्डर द्या.