पोवळ्याचे घर कसे वाढते?

खांदेश्वरला आमच्या शेजारी एका घरी माशांची काचपेटी आहे. तिच्या तळाशी एक पांढरा, भोकाभोकांचा दगड ठेवला आहे. शेजारच्या वहिनी मला म्हणाल्या, "गुरुजी, नातवानं हा मालवणहून आणला. ओहोटीला खडकावरून काढला. पाण्यात ठेवला की वाढतो म्हणे. सहा महिने झाले, वाढत का नाही?"

मी म्हणालो, "वहिनी, तिथं होता तेव्हा वाढत होता. तुमच्या पेटीतलं पाणी गोडं. त्यात तो मेला. आता नुसतं रिकामं घर उरलंय."

हे दगडी पोवळे. अंगठीत घालतात ते लाल पोवळे वेगळ्या जातीचे. पोवळे हा दगड नव्हे, झाडही नव्हे. तो प्राणी आहे. मध्ये तोंड, भोवती बारीक सोंडा. समुद्राच्या पाण्यातला चुना घेऊन तो अंगाखाली घर बांधतो. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते. ते उन्हावर अन्न तयार करते आणि पोवळ्याला देते.

हे घर वाढते कसे? केळीची बाग आठवा. केळीच्या बुडाशी मुनवा फुटतो, त्याची नवी केळ होते. पोवळ्याच्या अंगालाही तशीच बाजूने कळी फुटते. कळीला तोंड येते, सोंडा येतात. काही जातींत एकाच जिवाचे तोंड दुभंगते आणि एकाचे दोन जीव होतात. मुनवा आपण काढून दुसरीकडे लावतो. ही कळी मात्र बहुधा आईला चिकटूनच राहते. एकाचे दोन, दोनाचे चार, असे हजारो जीव एका घरात नांदतात. या रीतीला मुकुलन म्हणतात. पोवळी अंडीही घालतात. त्यांतली पिले पाण्याबरोबर दूर जाऊन नवी वस्ती करतात.

परदेशात हौशी लोक घरच्या काचपेटीत पोवळी वाढवतात. जिवंत तुकडा कापून दगडावर चिकटवतात. त्याला स्वच्छ खारे पाणी, प्रखर दिवा आणि पाण्यात पुरेसा चुना लागतो. मग जखम भरते आणि कडेने कळ्या फुटतात. पण वाढ फार सावकाश. गोल गठ्ठ्याची पोवळी वर्षभरात साधारण बोटाच्या रुंदीएवढीच वाढतात, कधी त्याहूनही कमी. म्हणजे हातभर गठ्ठा व्हायला कित्येक वर्षे जातात.

आपल्याकडे मालवणच्या समुद्रात पोवळी आहेत. १९८७ साली तिथे सागरी अभयारण्य झाले. मुंबईत हाजीअली आणि वरळीच्या खडकांवरही ती आहेत. किनारी रस्त्याचे काम निघाले तेव्हा, २०२० साली, तिथल्या काही वसाहती जपून दुसरीकडे हलवल्या. २००१ सालापासून दगडी पोवळ्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. वाघाला जसे, तसेच. ती काढणे, विकणे हा गुन्हा आहे.

हे ऐकून वहिनी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "वाढेल म्हणून आणला, अन् वाढतं घरच मोडलं की हो!"

मंडळी, एवढेच ध्यानात ठेवा. ओहोटीला खडकावर पोवळे दिसले तर डोळे भरून पाहा. मुलांनाही दाखवा. पण हात लावू नका, त्यावर पाय देऊ नका. ते वाढते आहे, त्याला तिथेच वाढू द्या.