एका माळावरील तीन तोंडें

शेळ्या माळ खाऊन टाकतात, म्हणून काळवीट उपाशी राहतो, असें आपण सहज म्हणतों. पण माळावर दोन घटका उभें राहून पाहिल्यास हें म्हणणें अर्धेंच खरें ठरतें.

काळवीट हा मुख्यतः गवत खाणारा. अहिल्यानगर जिल्ह्यांत रेहेकुरी येथें १९८० सालीं त्याच्यासाठीं अभयारण्य झालें, तेंही अशाच माळावर. मान खालीं घालून तो कोंवळें गवत खुडीत चालतो; गवत वाळलें म्हणजे बाभळीच्या शेंगाही त्यास चालतात. शेळीचें तसें नाहीं. तिचा वरचा ओठ मोठा चपळ; बोरीच्या कांट्यांतून ती नेमकें पान टिपते, मागील पायांवर उभी राहून डहाळी ओढते. पावसाळ्यांत मात्र तीही हिरव्या गवतास तोंड लावते. (आमच्या कुंपणावरील वेल तिनें कोणत्याच ऋतूंत सोडिला नाहीं, हें निराळें!)

तेव्हां काळविटाच्या घासांतील खरी वांटेकरीण मेंढी होय. शेळी वांटा मागते तो चिंकाऱ्याच्या ताटांत. कारण हें लहानसें हरिणही बोर-बाभळीच्या पाल्यावर व शेंगांवर बरेंचसें राहतें.

चैत्र-वैशाखांत ही गांठ घट्ट होते. गवताचा कस गेलेला, हिरवें काय तें झुडपांवरच. शेळ्या राखणाऱ्यास कळप जगविल्यावांचून गत्यंतर नाहीं. त्याच्या घरची मीठ-भाकर त्यावरच चालते. तो लांब आंकडीनें फांदी खालीं ओढतो, आणि चिंकाऱ्याच्या तोंडास पोंचणारी डहाळी सायंकाळपर्यंत उघडी पडलेली असते.