हिशेब साठ जणांचा

गोष्टीसाठी व्हिडिओ गेम खेळायचाय असं कुणी म्हटलं, की जाणकार मंडळी लगेच आरपीजीकडे, म्हणजे रोल-प्लेइंग गेमकडे, बोट दाखवतात. पात्र निवडा, राक्षस मारा, पॉइंट कमवा, लेव्हल वाढवा. शंभरेक तासांनी त्या राज्याचा इतिहास कळेल. या घराण्याची कुळकथा दोन ओळींत उरकतो. कागद आणि फाशांवर खेळायचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली आला, त्याचे नियम पुढे संगणकावर उतरले आणि भलंमोठं जग उभारायचं तर ते यांनीच, असा समज रुजला. १९९३ मध्ये मिलर बंधूंच्या ‘मिस्ट’ने एका निर्मनुष्य बेटावर तो मोडून दाखवला होता, पण समज चिवट.

माझा जीव अडकलाय तो ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’मध्ये. ल्युकस पोप या एकाच माणसाने जवळजवळ एकट्याने केलेला हा गेम २०१८ चा. १८०२ मध्ये लंडनहून निघालेलं ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज बेपत्ता होतं आणि १८०७ मध्ये फाल्मथच्या बंदरात आपसूक परत येतं. जहाजावर जिवंत कुणी नाही. आपण कोण? शूर सरदार वगैरे नाही, कंपनीचे विमा निरीक्षक! साठ माणसांपैकी कोणाचं काय झालं, एवढं वहीत भरायचं. (पोपला कारकुनीचं विलक्षण वेड आहे. त्याच्या आधीच्या ‘पेपर्स, प्लीज’मध्ये तर आपण सीमेवर बसून पासपोर्ट तपासतो.)

हाताशी एक जादूचं घड्याळ असतं. सांगाड्याजवळ ते उघडलं की आधी अंधारात शेवटचे आवाज ऐकू येतात, मग मृत्यूचा तो क्षण थिजलेला दिसतो आणि आपण त्यातून फिरायचं. चित्रं जुन्या मॅकिंटॉशसारखी, दोनच रंगांची. नाव कुणी सांगत नाही. झोपायच्या झोळीला लटकवलेला क्रमांक, बोलण्याची ढब, झोळीतून बाहेर आलेला पाय आणि त्यातला बूट, यावरून माणूस ओळखायचा. अंदाजपंचे ठोकून भागत नाही, कारण तिघांचे तपशील बरोबर आले तरच गेम त्यांच्यावर शिक्का मारतो.

खलाशांच्या यादीत भारतीयही आहेत. त्यातले दोघे मारामारीत वगैरे नव्हे, साध्या आजारपणात जातात. मला तो प्रसंग सगळ्या समुद्री राक्षसांपेक्षा जास्त लागला. कंपनीच्या जहाजांवर आपल्या कोकणातलेही लास्कर, म्हणजे देशी खलाशी, राबत होते. नोंदीत त्यांची नावं आली तर आली. रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला एका म्हाताऱ्या तांडेलाला हे जहाज लॅपटॉपवर दाखवलं. भुताखेतांकडे ढुंकूनही न बघता त्यांनी शिडांचे दोर निरखले आणि विचारलं, “सुकाणूवर कोण होता?” या गेमचा अर्धा तपास तोच आहे.

‘आउटर वाइल्ड्स’ (२०१९) दुसऱ्या टोकाचा. चिमुकली सूर्यमाला, आणि दर बावीस मिनिटांनी सूर्याचा स्फोट. आपण मरतो, पुन्हा पहिल्या शेकोटीपाशी जागे होतो. हातात नवं शस्त्र येत नाही, वाढतं ते फक्त आपल्याला ठाऊक असलेलं. एका जुळ्या ग्रहावरची वाळू दुसऱ्यावर ओतली जाते. दुसऱ्याच्या गुहा बुजत जातात, तर पहिल्याच्या इमारती उघड्या पडतात. म्हणजे कुठे जायचं याहून कधी जायचं हे महत्त्वाचं. नोमाई नावाच्या नामशेष जमातीने भिंतींवर गोल वळणांत लिहिलेल्या गप्पा वाचताना त्यांचे वाद, थट्टा, पोरांचे हट्ट सगळं कळत जातं. अॅलेक्स बीचमने कॉलेजातला प्रबंध म्हणून याची सुरुवात केली होती, हे ऐकून आपल्याकडच्या प्रबंधांची आठवण येते, असो.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (२०२०) आपला म्हणून आवर्जून खेळावा. त्यातल्या लढाया मला ठीकठाक वाटल्या. बाहुल्यांच्या सावल्यांतून सांगितलेली कथा मात्र देखणी.

‘ओब्रा डिन’पासून सुरुवात करा. शेजारी कोरी वही ठेवा आणि उत्तरं सांगणारे व्हिडिओ कटाक्षाने टाळा. एकदा कळलेलं विसरता येत नाही, त्यामुळे हे गेम खऱ्या अर्थाने एकदाच खेळता येतात.