खुब्याचं दुखणं, गुडघ्यावर उपचार

कराड, मसूर, उंब्रजच्या पट्ट्यात म्हाताऱ्या माणसाचं चालणं बिघडलं की मागच्या पिढीत निदान ठरलेलं असे: वात भरलाय. मग शेक, निर्गुडीचा पाला, तेल. फारच झालं तर मिरजेचं मिशन हॉस्पिटल. 1984 मध्ये मलकापूरला कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, हाडांचे डॉक्टर हाकेच्या अंतरावर आले. तरी खुब्याची झीज उशिराच सापडत राहिली.

कारण सांध्याच्या घडणीतच आहे. मांडीच्या हाडाचा गोल माथा कटीच्या खोबणीत फिरतो, दोन्हींवर गुळगुळीत कूर्चा असते. तिला रक्तवाहिन्या नाहीत. पोषण मुख्यतः सांध्यातल्या द्रवातून. म्हणून एकदा विरली की ती नीट भरून येत नाही. मज्जातंतूही नाहीत, त्यामुळे विरताना ती बोलत नाही. खालचं हाड आणि सांध्याचं अस्तर त्रासू लागलं की मगच माणूस कण्हतो. तोवर एक्स-रेत फट अरुंद झालेली, कडांना हाडाचे काटे आलेले. त्यात कळ जांघेत येते, कधी थेट गुडघ्यात उतरते, आणि मलम गुडघ्यालाच चोळलं जातं.

आणखी एक चकवा आपल्या बैठकीचा. झिजणाऱ्या खुब्याचं बहुधा आधी हरवतं ते आत वळणं. मांडी घालायला मात्र तो बाहेर वळावा लागतो. पंगतीला बसता येतंय म्हणून घरचे निर्धास्त राहतात. डॉक्टर रुग्णाला उताणं निजवून गुडघा काटकोनात उचलतात, पाऊल हळूच बाहेर नेतात, आणि मांडी तिथेच अडते. साधी तपासणी, पण गुडघा दुखतोय म्हणणाऱ्या प्रत्येकाची व्हायला हवी.

‘वयोमानानं होतंच’ हे उत्तरही अपुरं ठरलं. इंग्लंडमधल्या शेतकऱ्यांत ही झीज जास्त आढळल्याचं 1992 च्या पाहणीनं दाखवलं. 2003 मध्ये अस्थिशल्यविशारद गांझ यांनी मांडीच्या हाडाच्या मानेवरचा जन्मजात किंवा वाढीत आलेला उंचवटा खोबणीच्या कडेवर घासतो, हे मांडलं. आपल्याकडे माथ्याचा रक्तपुरवठा तुटून तरुणपणीच खुबा बसलेले रुग्ण पुष्कळ. दारू आणि स्टिरॉइड ही त्यातली मोठी कारणं. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणाऱ्यांचे खुबे मात्र कुणीतरी आवर्जून तपासावेत, असं मला फार वाटतं.

खुबा पारच झिजला तर तो बदलावा लागतो. इंग्लंडात शल्यविशारद चार्नली यांचा टेफ्लॉनचा कृत्रिम सांधा आधी झिजून फसला. 1962 मध्ये त्यांनी पॉलिथिलीनची वाटी बसवली आणि खुबा बदलणं भरवशाचं झालं. शस्त्रक्रियेनंतर उकिडवं बसू नका, असं बहुतेकांना सांगतात. म्हणून रुग्ण घरी येण्याआधी कमोड बसवून घ्यावा लागतो.