पाण्यातल्या लोखंडाचा रंग का टिकत नाही?



गळीत हंगाम आटोपला की ऊस वाहतुकीच्या ट्रॉल्या वाड्यात येऊन उभ्या राहतात. नदीकाठच्या मोटारी, पाईप, फूटव्हॉल्व्ह यांचीही दुरुस्ती याच दिवसांत निघते. दुरुस्ती झाली की आपण रंगाचा एक डबा आणतो आणि दिवसभरात सगळे रंगवून मोकळे होतो. ट्रॉलीवरचा रंग दोन-तीन वर्षे बरा दिसतो. पण त्याच डब्यातला रंग सक्शन पाईपला दिला तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्याचे पोपडे निघतात. मग आपण दुकानदाराला दोष देतो. वास्तविक दोष बहुतेक वेळा डब्यात नसतो, रंगाच्या खाली असतो. तो कसा, हे या लेखात पाहू.

लोखंडाला गंज चढायला दोन गोष्टी लागतात, पाणी आणि हवा. नुसत्या कोरड्या हवेत लोखंड फारसे गंजत नाही. म्हणून सक्शन पाईपची सर्वांत वाईट जागा तळाशी नसते. पाण्याची पातळी जिथे रोज वरखाली होते, तिथे असते. तिथे दोन्ही भरपूर मिळतात. गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. रंगाखाली गंजाचा एक ठिपका जरी राहिला तरी तो फुगतो आणि वरचा रंग उचलून टाकतो. मग कितीही भारी रंग असला तरी उपयोग नाही.

धातू, पाणी आणि रंग यांची खरी परीक्षा बोटीवर होते. मोटारबोटींचा एक प्रकार असा असतो की इंजिन बोटीच्या आत आणि पंखा फिरवणारा पाय मागच्या बाजूने बाहेर, पाण्यात. स्वीडनच्या व्होल्व्हो पेन्टा कंपनीने १९५९ साली अशी बनावट बाजारात आणली आणि ती जगभर पसरली. हा पाय बहुधा अॅल्युमिनियमचा, त्यातला दांडा पोलादी आणि पंखा पुष्कळदा स्टेनलेसचा. म्हणजे एकाच पाण्यात दोन-तीन धातू एकमेकांना चिकटलेले. तिथेच सगळी गोम आहे.

टॉर्चचा जुना सेल आठवा. त्याचे बाहेरचे डबडे जस्ताचे असते. वीज देता देता ते झिजते आणि शेवटी सेल पाझरतो. दोन वेगळ्या धातूंची पाण्यात गाठ पडली की असाच सेल तयार होतो. त्यातला कमजोर धातू झिजतो, दुसरा शाबूत राहतो. पाणी जितके खारे, तितकी झीज जलद.

इंग्रज शास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ साली याच गोष्टीचा उपयोग करून पाहिला. आरमारी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकलेले असत आणि समुद्राचे पाणी ते खाई. डेव्ही यांनी त्या पत्र्यांना जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले. तुकडे झिजले आणि तांबे वाचले. पण गंमत अशी झाली की तांबे विरघळायचे थांबताच जहाजाच्या बुडाला शेवाळ आणि शिंपले चिकटू लागले, कारण विरघळणारे तांबेच त्यांना दूर ठेवत होते. युक्ती मात्र वाया गेली नाही. आजही बोटींच्या पायाला असा तुकडा लावतात. खाऱ्या पाण्यात जस्ताचा, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा. तो स्वतः झिजतो आणि पाय वाचवतो. त्या तुकड्याला कधीही रंग लावायचा नसतो. रंगवला की तो मुका झाला.

आता आपल्याकडे या. गेवराई, माजलगाव, परळी तालुक्यांत गोदाकाठी आणि माजलगाव धरणाच्या पाणपसाऱ्याला ज्या मोटारी बसलेल्या आहेत, त्यांपैकी अनेकांचे केसिंग बिडाचे, पंखा गनमेटलचा आणि शाफ्ट पोलादी असतो. म्हणजे बोटीचेच भावंड. इथे झिजते ते बीड आणि पोलाद, गनमेटल नव्हे. बोअरचे पाणी मचूळ असेल तर झीज आणखी लवकर.

यातून रंगकामाचा एक धडा मिळतो, तो सहसा कोणी सांगत नाही. पितळी किंवा गनमेटलच्या भागाला जोडलेले लोखंड रंगवले आणि त्या रंगाला एक ओरखडा राहिला, तर सगळी झीज त्या ओरखड्यावर एकवटते. जिथे नुसता गंज चढला असता तिथे भोक पडते. म्हणून जोडाजवळ अर्धवट रंग देऊ नये. द्यायचा तर पक्का द्यावा आणि जोडातल्या पितळी भागाच्या बाहेरच्या अंगालाही द्यावा.

रंग कोणता घ्यावा? ट्रॉली, फाटक, शेडचे खांब यांना रेड ऑक्साईड प्रायमर आणि वर ऑइलपेंट पुरतो. रेड ऑक्साईड म्हणजे आपल्या गेरूचीच जात. पण हाच ऑइलपेंट कायम पाण्यात राहिला तर मऊ पडतो आणि त्याला फोड येतात. पाण्यातल्या भागाला दोन डब्यांचा एपॉक्सी रंग घ्यावा. डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच हार्डनर मिसळावा आणि भिजेल तेवढाच कालवावा. एपॉक्सी उन्हात भुकटतो, म्हणून उन्हातल्या भागावर त्याच्या वर दुसरा रंग लागतो. जस्ताच्या नव्या पाईपवर किंवा पत्र्यावर ऑइलपेंट सरळ मारू नये, सुटून येतो. त्याला आणि अॅल्युमिनियमला वेगळा प्रायमर मिळतो, तो मागून घ्यावा.

काम असे करावे :

१. आधी मेन स्विच बंद करून फ्यूज काढून ठेवावेत.

२. चिखल, ग्रीस, उसाचा रस धुऊन काढावा. रस आंबट असतो, तो राहिला तर लोखंड खातो.

३. तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने गंज खरवडावा. चांगला घट्ट बसलेला जुना रंग काढायची गरज नाही, फक्त त्याची चकाकी मोडावी.

४. वेल्डिंगचे जोड आणि हूक नीट तपासावेत. भेग दिसली तर आधी ती दुरुस्त करावी. रंगाखाली लपलेली भेग भरल्या ट्रॉलीला रस्त्यात दगा देते.

५. घासलेल्या भागावर त्याच दिवशी प्रायमर द्यावा. रात्रीच्या दवाने पुन्हा गंज धरतो.

६. कडा, कोपरे, बोल्ट आणि वेल्डिंग यांवर आधी ब्रशने एक हात फिरवावा. रंग कडेवरून ओसरतो, म्हणून गंज कडेपासून सुरू होतो.

७. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात बरे. पहिला वाळल्यावरच दुसरा द्यावा.

काही जागा मात्र मुद्दाम सोडाव्यात. अर्थिंगची तार जिथे बोल्टला मिळते तिथे रंग नको, कारण रंगातून वीज जात नाही आणि अर्थिंग नावापुरते उरते. ट्रॉलीचे रिफ्लेक्टर रंगवू नयेत, रात्री मागून येणाऱ्याला तेवढाच इशारा असतो. मोटारीची नंबरप्लेट आणि रबरी वॉशरही सोडावेत.

एक इशारा. जुन्या लोखंडावर पूर्वी शेंदराचा प्रायमर देत. शेंदूर म्हणजे शिशाची भुकटी, ती विषारी असते. असा जुना रंग गोठ्याजवळ, हौदाजवळ किंवा मुलांच्या अंगणात खरवडू नये. जनावरे चाटतात आणि दगावूही शकतात. आधी पाणी शिंपडून घासावा, तोंडाला फडके बांधावे, खाली जुने पोते अंथरावे आणि निघालेली भुकटी गोळा करून खोल पुरावी, विहिरीपासून लांब.

वेळ म्हणाल तर चैत्र-वैशाखातली सकाळ उत्तम. भर दुपारी तापलेल्या पत्र्यावर रंग वरून वाळतो आणि आतून कच्चा राहतो. मृगाच्या तोंडावर काम काढू नये. एकदा पुराचा गाळ बसून गेला असेल तर धुतल्याशिवाय हात लावू नये. सप्टेंबर २०२५ च्या पुरात ज्यांची यंत्रे बुडाली, त्यांनी तर जोड उकलून आतला गाळही काढावा.

यापुढे वर्षातून दोनदा, पावसाळ्यानंतर आणि हंगामानंतर, एक फेरी मारावी. जिथे ओरखडा दिसेल तिथे घासून लगेच ठिगळ द्यावे. अर्ध्या तासाचे हे काम पाईप वाचवते. ऐन उन्हाळ्यात लागण पाण्याला आली असताना पाईप फुटला, तर नवा मिळेपर्यंत ऊस वाळतो, आणि ते नुकसान रंगाच्या दहा डब्यांनीही भरून येत नाही.